पानाचा कोपरा

'थुंकी लावून पाने उलटू नयेत' ही पाटी मुल्ला सरांनी स्वतःच्या हातानं उतरवली, तेव्हा त्यांचा चेहरा मुलगी सासरी धाडणाऱ्या बापासारखा झाला होता. पाटी त्यांच्याच अक्षरातली. तासगावच्या लोकमित्र वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागल्यावर त्यांनी पहिलं काम हे केलं होतं, आणि त्या पाटीला घाबरून एकाही वाचकानं बोट जिभेकडं न्यायचं थांबवलं नव्हतं. तरी पाटी होती. सर तिच्याकडं बघून समाधान मानायचे. आता वरून आदेश आला होता की पाटी काढा, वाचकांना थुंकी लावू द्या.

"जगबुडी जवळ आली म्हणायची, मॅडम," पाटी कपाटामागं सरकवत ते म्हणाले.

मॅडम म्हणजे मी, तृप्ती कोष्टी. मी ग्रंथपाल नाही, समाजसेविका आहे. आता राज्यातल्या प्रत्येक मोठ्या वाचनालयात एक 'आधार कक्ष' असतो आणि त्यात माझ्यासारखी एक बाई बसलेली असते. ज्यानं कुणी ही कल्पना काढली तो माणसं ओळखणारा असावा. पोलीस चौकीची पायरी चढायला माणसाला लाज वाटते, दवाखान्याची भीती वाटते, आणि समाजकल्याणाच्या कार्यालयात गेलं की साहेब जेवायला गेलेले असतात. वाचनालयात मात्र कुणी कुणाला विचारत नाही की बाबा, का आलास. पेपर चाळता चाळता माणूस माझ्या टेबलाशी येतो, आधी हवापाण्याचं बोलतो, आणि मग हळूच सांगतो की सून जेवायला वाढत नाही.

पण खरा एकटा माणूस टेबलाशीसुद्धा येत नाही. पुस्तक बदलतो, सही करतो आणि जातो. त्याला हुडकायचं कसं, यासाठी ती पेटी आली.

पेटीमागचं शास्त्र मला प्रशिक्षणात समजावलं होतं. ते तसं अवघड नाही. आपल्या कातडीवर आणि तोंडात कोट्यवधी जंतू सुखानं नांदत असतात. प्रत्येक माणसाची ही वस्ती वेगळी, पण पूर्णपणे त्याची एकट्याची नसते. एका घरात राहणारी माणसं एका माठातलं पाणी पितात, एका टॉवेलला हात पुसतात, लेकरानं अर्धं टाकलेलं बिस्कीट आई तोंडात टाकते. असं करत करत सगळ्या घराची वस्ती एकमेकांत मिसळून जाते. शेजारणीकडून आणलेल्या चमचाभर विरजणानं पातेलंभर दूध तिच्या घरच्या चवीचं होतं ना, तसंच. आणि माणूस दीर्घकाळ एकटा राहिला की हे दुसऱ्यांचे जंतू हळूहळू कमी होत जातात. शेवटी तो निव्वळ स्वतःचाच उरतो.

हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीच ठाऊक होतं. नवीन होती ती एक बोटभर पट्टी, जी जिवंत जंतू ओळखून चहा निवेपर्यंत हिशोब मांडायची. मेलेले जंतू ती सोडून द्यायची. दह्याचेही सोडून द्यायची, कारण ते अर्ध्या महाराष्ट्राच्या तोंडात सारखेच. परदेशात ही पट्टी दारांच्या मुठींवर लावून बघितली, बसच्या दांड्यांवर लावून बघितली. तिथं हजार हात लागतात, सगळा काला. मग पुण्यातल्या कुणा संशोधक बाईला वाचनालयाचं पुस्तक सुचलं. ते एकच माणूस आठवडाभर हाताळतो, आणि आपल्याकडं तर उजव्या पानाचा खालचा कोपरा म्हणजे खजिनाच. बोट जिभेला, जिभेवरून पानाला. ज्या सवयीवर मुल्ला सरांनी उभा जन्म चिडचिड केली, तिच्यावर ही सगळी योजना उभी राहिली. परत आलेलं पुस्तक पेटीच्या फटीत सरकवायचं, कोपरे तपासले जायचे, पडद्यावर निकाल यायचा. मग पुस्तक रात्रभर निळ्या उजेडात ठेवून निर्जंतुक करायचं, त्याला आम्ही 'धुणं' म्हणायचो, आणि सकाळी कपाटात. सभासदांची संमती आधीच घेतलेली असायची.

एकटेपणा हा आजार आहे हे सरकारनं तोवर मान्य केलं होतं. एकटी माणसं लवकर पडतात, लवकर विसरतात आणि लवकर जातात. म्हणून पेटीनं लागोपाठ काही वेळा 'सहवास आढळला नाही' असं सांगितलं की त्या माणसाकडं 'सोबत' योजनेतून रोज सकाळी कुणीतरी जायचं. हात धरायचं, आंघोळ घालायचं, दोन शब्द बोलायचं. या सोबत्यांचे जंतू पेटी हिशोबातून वजा करायची.

पेटी आली त्या दिवशी चाचणीसाठी कुणाचं तरी पुस्तक हवं होतं. मी माझं दिलं. पडद्यावर आलं: सहवास आढळला नाही.

"नवीन मशीन हाय, मॅडम," मुल्ला सर घाईघाईनं म्हणाले. "बसायला वेळ लागतोय."

मशीन चांगलं बसलेलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी हैदराबादला होती, आणि मी संध्याकाळी कुलूप उघडायचे तेव्हा घरातली कुठलीच वस्तू सकाळच्या जागेवरून हललेली नसायची. त्याचं मला वाईट वाटायचं. पण नोकरीतल्या माणसाला योजना लागू नव्हती, त्यामुळं त्यावर जास्त विचार करण्यात अर्थ नव्हता.

शालनकाकी जमदाडे माझ्या पहिल्या काही माणसांपैकी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेल्या. आवाज अजून असा की ऐकणाऱ्यानं सरळ बसावं. खुब्याचं हाड मोडल्यापासून घराबाहेर पडणं बंद झालं होतं. मूलबाळ नाही. पिंपरीचा पुतण्या विनायक दर फोनला सांगायचा, "काकी, एक चांगला आश्रम बघून ठेवलाय." काकींना आश्रमात जायचं नव्हतं. सकाळी मंगल नावाची सोबतीण यायला लागली तेव्हा कुठं विनायक गप्प बसला. म्हणजे मंगल होती तोवर काकींचं घर होतं. मंगल गेली की घर गेलं, हे आम्हा सगळ्यांनाच स्वच्छ माहीत होतं.

मंगलच दर गुरुवारी कापडी पिशवीत घालून काकींची पुस्तकं बदलून न्यायची. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि साधारण वर्षभरानं पुण्याहून यादी आली.

एकाच कुटुंबाला दोनदा मदत जाऊ नये म्हणून पेटीचे निकाल पुण्यात एकमेकांशी ताडून बघत, आणि 'एका घरातले सभासद' अशी जोडी लावत. त्या यादीत होतं: शालन जमदाडे आणि भूपाल आरवाडे. सहवास आढळला. महिनाअखेरपासून सोबतीण बंद.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आरवाडे अण्णांना मी ओळखत होते. बेदाण्याच्या शीतगृहात नोकरी करून निवृत्त झालेले, आईची सेवा करता करता लग्न राहून गेलेले. अंगावर पांढरा सदरा, आणि बोलणं इतकं कमी की मुल्ला सर म्हणायचे, या माणसाकडून 'नमस्कार' काढायचा तरी दोन हप्ते लागतात. शांत बसायचे, शांत जायचे. हे अण्णा आणि शालनकाकी?

मी तडक काकींकडं गेले. त्या दारातच काठी टेकून उभ्या होत्या.

"ये. तुझीच वाट बघत होते. आमच्या विनायकचा फोन आलेला. म्हणतोय, काकी, सरकारचा मेसेज आलाय, 'आपल्या नातेवाइकांस सहवास लाभला आहे, अभिनंदन.' कोण हाय त्यो, म्हणून विचारतोय मला. कोण असणार गं या वयात? माझा खुबा मोडलाय, डोकं न्हाई."

"काकी, घरी कुणी येतं का? शेजारी, पाहुणे?"

"मंगल सोडली तर चिमणी सुदिक फिरकत न्हाई. बघ की घर."

मी बघितलं. एक ताट, एक वाटी, एक पेला पालथे घातलेले. ओट्यावर झाकलेलं दह्याचं पातेलं. एकटीला ते कितीसं लागणार, पण रोज लावायच्या. विरजण सासूनं दिलेलं, ते मोडायचं नाही म्हणून. मधे तापानं दवाखान्यात होत्या तेव्हा मंगलला त्यांनी दुसरं काही सांगितलं नव्हतं, एवढंच सांगितलं होतं की विरजण सांभाळ.

"आरवाडे म्हणून कुणी ओळखीचे आहेत?"

"आरवाडे?" काकींनी आठवून बघितलं. "एक्स्चेंजमध्ये असताना शीतगृहाचा नंबर जोडून द्यायचे मी. माणूस कुठला ओळखणार? आवाज हुता तेवढा."

त्या खोटं बोलत नव्हत्या. आणि पेटीही आजवर चुकली नव्हती.

गुरुवारी मी माझं टेबल सोडून देवघेवीच्या काउंटरमागं बसले. अण्णा आधीच आले होते. दोन पुस्तकं त्यांनी काउंटरवर ठेवली, सरांनी ती पेटीच्या फटीतून काढून बाजूच्या ढिगात ठेवली. अण्णा पेपर घेऊन बसले, पण लक्ष दाराकडं. थोड्या वेळानं मंगल आली. पिशवीतून काकींची दोन पुस्तकं निघाली, फटीतून गेली, ढिगात पडली.

"सर, आत्ताच आलेलं द्या बगा काकींस्नी एक," मंगल म्हणाली, आणि अण्णांनी परत केलेल्या दोघांतलं वरचं पुस्तक तिनं पिशवीत टाकलं. दुसरं सरांनी कपाटातलं दिलं. ती वळते न वळते तोच अण्णा उठले आणि ढिगातून काकींचं पुस्तक उचललं. खुर्चीपर्यंत जायचाही धीर नव्हता. उभ्या उभ्याच बोट जिभेला लावून पहिलं पान उलटलं.

मला एकदम सगळं कळलं. मी सरांकडं वळले.

"सर, ही पुस्तकं धुवायची राहिली."

मुल्ला सर कानाची पाळी चोळायला लागले. "मॅडम, शंभर वर्षं झाली या वाचनालयाला. इथला वाचक कपाटाकडं नंतर जातो, आधी आत्ताच परत आलेल्या ढिगात हात घालतो. दुसऱ्यानं वाचलं म्हणजे चांगलं असणार, असा त्याचा हिशोब. त्याला काय सांगू, धुऊन वाळत घातलंय, उद्या या? मग वाचनालय कशाला, लाँड्री काढू."

नियम मोडला होता हे खरं. पण तसा तो तासगावात मोडणारच होता. पेटी बनवणाऱ्यांनी थुंकीचा विचार केला होता, परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाचा केला नव्हता.

अण्णांना मी बाहेर कट्ट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पानाचा कोपरा, जंतू, यादी. ते ऐकता ऐकता लाल होत गेले आणि एकदम त्यांनी तोंडावर हात धरला.

"म्हणजे मी त्यांचं उष्टं...?"

"तुम्ही त्यांचं, आणि त्या तुमचं. वर्षभर."

"आईच्या मागं मी कुणाच्या घरचं पाणी सुदिक घेतलेलं न्हाई हो, मॅडम." ते चपलेच्या अंगठ्याकडं बघायला लागले. मग म्हणाले, "बाई हायत व्हय त्या? मला वाटायचं कुणी रिटायर मास्तर असतील. त्या पिशवीतलं पुस्तक कधी वाईट निघत न्हाई. आणि त्याला गवती चहाचा वास असतोय. वाचताना असं वाटायचं..." मधेच ते माझ्याकडं वळले. "त्यांना राग आलाय काय?"

राग आला असेल असं मलाही वाटलं होतं. काकींना सांगितलं तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या.

"नवऱ्याचं सुदिक मी कधी उष्टं खाल्लं न्हाई. त्यांना चालायचं न्हाई तसलं काही." काठीची मूठ त्या अंगठ्यानं घासत होत्या. "तरीच म्हटलं, पुस्तकात बेदाण्याची देठं कुठनं येतेत. खूण म्हणून ठेवतोय बघ त्यो माणूस. जिथं थांबला तिथं देठ. मीबी मग तिथंच थांबायची. उगंच आपलं."

एवढं बोलून त्यांनी विषय बदलला, पण मला जे कळायचं ते कळलं. वर्षभर ही दोन माणसं एकाच पानावर थांबत होती आणि एकमेकांची नावंसुद्धा त्यांना माहीत नव्हती.

सोबत योजनेच्या कार्यालयात मी फोन केला. तिथले पेंढारी साहेब तरुण होते, सभ्य होते आणि नियमाला पक्के होते. पुस्तकामुळं घोटाळा झाला असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, तोंडाचे नमुने घेऊ. कापसाची काडी गालातून फिरवून दोघांचे नमुने गेले. मी निर्धास्त होते. निकाल आला, तो यादीसारखाच.

"मॅडम, दोष पुस्तकात असता तर तो पुस्तकातच राहिला असता," साहेब म्हणाले. "यांच्या तोंडात एकमेकांची वस्ती झालीय. एका ताटात जेवणाऱ्यांची होते तशी. पेटी बरोबर आहे."

"पण ते एकमेकांना कधी भेटलेलेसुद्धा नाहीत!"

"सहवास कसा झाला ते नियमात नाही. आहे की नाही, एवढंच आहे."

मी भांडले, विनवण्या केल्या, काकींच्या खुब्याचा फोटो पाठवला. शेवटी ते एवढं कबूल झाले की दीड महिना दोघांनी फक्त धुतलेली पुस्तकं वाचायची. वस्त्या वेगळ्या झाल्या तर सोबतीण परत. तोवर बंद, मी गेले तर माझे जंतू तेवढे वजा धरू.

विनायकनं तेवढी मुदत दिली. त्याला खरं तर काकींची काळजीच होती, फक्त ती काळजी पिंपरीहून करता येईल तेवढीच होती. दीड महिना सकाळी मी जाते म्हटल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे ताई, पण त्यानंतर मी ऐकणार नाही."

मुदत सुरू व्हायच्या आधी मी काकींना विचारलं होतं, "सरळ भेटूनच घेता का? अण्णा चांगले आहेत. येऊन बसतील, बोलतील."

"आणि मग मंगल कायमची जाईल. न्हाणीत मला उचलून कोण नेणार, ते? मंगल म्हणत हुती, त्यांचे गुडघे बी गेलेत. आम्ही दोघं मिळून एक धड माणूस हुईत न्हाई."

अण्णांनाही विचारलं. त्यांनी मान हलवली. "न्हाई नको. मला बोलायला जमत न्हाई मॅडम. वाचायला जमायचं."

मग ते दिवस सुरू झाले. सकाळी काकींची आंघोळ, वेणी, दुधाला विरजण, मग मी वाचनालयात. दुसऱ्याचं अंग धरून त्याला उभं करण्यात किती वेळ जातो आणि तो वेळ कसा जातो ते कळत नाही. खरं सांगायचं तर ते दिवस मला आवडत होते, आणि ते संपावेत म्हणूनच मी खटपट करत होते.

काकी मात्र वाचेनाशा झाल्या. धुतलेल्या पुस्तकाला कसलाच वास नसतो, पानं कोरी करकरीत लागतात. चार पानं वाचून त्या पुस्तक उताणं ठेवायच्या. "हे आजवर कुणी वाचलंच न्हाई असं वाटतंय," म्हणायच्या. "भरल्या गावात मलाच एकटीला दिल्यागत."

अण्णा गुरुवारी यायचे बंद झाले. शुक्रवारी यायचे, सर देतील ते पुस्तक घ्यायचे. एकदा गुरुवारी काकींची पिशवी घेऊन मी आत शिरत होते तेव्हा समोरच्या बेदाण्याच्या गोदामाशी ते उभे दिसले. पिशवी आत गेलेली त्यांनी बघितली आणि मग घरी गेले. मला इतकं वाईट वाटलं की मी मुल्ला सरांवर विनाकारण खेकसले.  त्यांनी तोवर ढीग लावणंच सोडून दिलं होतं, आणि वाचक त्यांना रोज शिव्या देत होते.

मुदत संपली. पुन्हा कापसाच्या काड्या गेल्या. पेंढारी साहेबांनी स्वतः फोन केला, आवाजात खराखुरा आनंद होता.

"अभिनंदन, मॅडम! दोघांच्याही नमुन्यात सहवास आढळला नाही. जमदाडे बाईंची सोबतीण उद्यापासून चालू. आणि आरवाडेही आता निकषात बसतात. मंगलताईंनाच तासभर पुढं त्यांच्याकडं पाठवू, घर जवळच आहे."

मी आभार मानले. फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "झालं न्हवं मनासारखं?" मी हो म्हटलं. झालं होतं. काकींचं घर वाचलं होतं, विनायकचा आश्रम टळला होता. दोन माणसं खात्रीनं, प्रयोगशाळेच्या शिक्क्यासकट एकटी झाली होती, आणि ते काम मी केलं होतं. अशीच राहिली तर त्यांना मदत मिळत राहणार होती.

आता मला सकाळी कुठंच जायचं नव्हतं. तरी एका रविवारी मी काकींकडं गेले. मंगल भांडी आवरून अण्णांकडं निघण्याच्या बेतात होती.

"काय गं मंगल, ते जेवतेत काय नीट?" काकींनी माझ्यादेखत विचारलं. नाव घेतलं नाही.

"जेवतेत की. भात न् दही. दही बी कसलं, पिशवीतलं. आंबट ढोण. म्हटलं घरात लावा, तर म्हणतेत, विरजण कुणाकडं मागायचं."

काकींनी ओट्यावरच्या पातेल्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळल्या.

"तृप्ती, तुमच्या त्या पेटीत दही मोजतेत काय?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा म्हटलं, "नाही, काकी. दही सोडून देतात. ते सगळ्यांचं सारखंच धरतात."

"येडे हायत. सारखं कसं असंल?" काठी टेकत त्या ओट्याशी गेल्या. मी हात द्यायला गेले तर झिडकारला. पातेल्यावरचं झाकण काढलं, धुतलेल्या चमच्यानं मधलं घट्ट दही स्टीलच्या वाटीत काढलं, वर ताटली ठेवून फडक्यात बांधलं आणि मंगलच्या हातात दिलं.

"त्यांना सांग, दूध बोट सोसंल एवढंच कोमट असू दे. आणि हे मोडायचं न्हाई. रोज लावायचं. माझ्या सासूचं हाय."

वाटी चार दिवसांनी परत आली. योगायोगानं मी तिथं होते. योगायोग कसला, मी मुद्दामच गेले होते. आपल्याकडं दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि अण्णा आईच्या हाताखाली वाढलेले. वाटीत शिगोशीग बेदाणे होते. एकसारखे, हिरवट पिवळे, एकूण एक निवडलेले. देठ कुठंही नव्हता. फक्त सगळ्यांच्या वर, मधोमध, एक ठेवलेला होता.

काकींनी तो देठ चिमटीत उचलला. उशाशी त्यांचं पुस्तक उताणं पडलेलं होतं, धुतलेलं, चौथ्या पानावर अडकलेलं. त्यांनी ते उचललं, देठ तिथं ठेवला आणि पुस्तक मिटलं.

"बघू आज पुढं जातंय काय," म्हणाल्या. डोळ्याला पदर लावला. मग माझ्याकडं निरखून बघितलं. इतकं की मला चुळबुळ व्हायला लागली. "तुला देऊ गं थोडं विरजण?"

"नको काकी, माझ्याकडं दूध उरत नाही. चहापुरतं घेते मी."

"मग जास्त घे की," त्या म्हणाल्या, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता दुसरी वाटी काढली.

घरी जाताना मी नेहमीच्या छोट्या पिशवीऐवजी अर्ध्या लिटरची घेतली. दूध तापवलं, बोट सोसेल इतकं निवू दिलं, विरजण लावलं. सकाळी झाकण काढून बघितलं तर दही लागलं होतं, सुरी घातली तर वडी पडेल असं. एकटीला ते फार होतं, म्हणून वाटीभर मुल्ला सरांसाठी डब्यात घातलं.